सत्तावीस पंजांचा तिरंगा

भटू गुरुजींना तुम्ही नमस्कार केलात तर ते नमस्कार घेत नाहीत. जोडलेले हात उघडून दाखवायला सांगतात. तोंडाकडे नंतर बघतात, कधीकधी बघतही नाहीत. पोरांना ते नावापेक्षा पंजावरून जास्त ओळखतात, आणि मोठ्या माणसांच्या बाबतीतही त्यांचा तोच हिशोब आहे.

पाच वर्षांपूर्वी मी नेमणुकीचा आदेश प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून त्यांच्यासमोर उभी राहिले, तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. विसरवाडीच्या फाट्यावर एसटीतून उतरायचं, तिथून सात किलोमीटर आत पाड्यावरच्या शाळेत जायचं. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील ब्राह्मणपुरीला सालदार होते. बसमध्ये मी ‘महोदय, मी आजपासून रुजू होत आहे’ हे वाक्य मनातल्या मनात घोकत आले होते. ते म्हणायच्या आधीच गुरुजी म्हणाले,

“हात दाखाड, माय.”

मला वाटलं, हे हात बघून भविष्य सांगतात. बायकांचा डावा बघतात असं ऐकलं होतं, म्हणून मी डावा पुढे केला.

“डावा हातघाई लिखस का?”

“नाही सर, उजव्या हाताने लिहिते.”

“मंग तो दाखाड.”

मी उजवा दाखवला. त्यांनी मधल्या बोटावरचा घट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. “लिखीसन पडेल शे. चाली. बस.” आदेश त्यांनी दुपारी वाचला, तोही चष्मा सापडल्यावर. नोकरी आदेशामुळे मिळाली की घट्ट्यामुळे, याबद्दल मी काही दिवस खरोखर गोंधळात होते.

एकदा विस्तार अधिकारी तपासणीला आले. गुरुजींनी त्यांनाही सोडलं नाही. “साहेब, हात दाखवा.” साहेबांनी बिचाऱ्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि डॉक्टरसमोर धरावा तसा हात धरला. ते गेल्यावर गुरुजी मला म्हणाले, “हात मऊ शे. वह्या तपासी, पन फळावर काई लिखाव नही.” मी नीट आठवून पाहिलं. साहेबांनी एकूणएक वही तपासली होती आणि खडूला हात लावला नव्हता.

गुरुजी तीन भाषा बोलतात. पोरांशी पाड्यावरची आदिवासी कोकणी, साहेबांशी पाठ्यपुस्तकातली मराठी आणि माझ्याशी अहिराणी. मी जन्माने अहिराणीच बोलणारी, पण शिक्षिका झाल्यापासून शुद्ध बोलायचं असं ठरवलेलं. मी ‘गुरुजी, आज उपस्थिती समाधानकारक आहे’ म्हटलं की ते म्हणायचे, “पुस्तक बंद कर ना वं माय, मंग सांग.”

विसरवाडीला एका खोलीत ते एकटेच राहतात. लग्न का केलं नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पाड्यावर त्याच्या दोन-तीन हकिगती सांगतात आणि एकीचा दुसरीशी मेळ बसत नाही. बदलीच्या यादीत नाव आलं की ते ‘नको’ लिहून द्यायचे, आणि त्यांच्या जागेवर यायला दुसरं कोणी तयार नसायचं. असे एकवीस वर्षं ते याच शाळेत राहिले.

आता तिरंग्याचं सांगते.

दर सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेत पोरांच्या पंजांचा तिरंगा लागतो. बाजारात रंगाच्या डब्या मिळतात, पण गुरुजींना त्या चालत नाहीत. “डबीमझारला रंग बठ्ठास्ना सारखाच ऱ्हास,” म्हणतात, म्हणजे डबीतला रंग सगळ्यांचा एकच. त्यांचा केशरी म्हणजे गेरूत हळद. तो दरवर्षी विटकरी होतो आणि दरवर्षी ते अजून थोडी हळद टाकतात. हिरवा वालाच्या पानांचा रस. चक्रासाठी कपड्यांची नीळ. पांढऱ्यासाठी चुना. आणि पांढरा पंजा पांढऱ्या कागदावर दिसत नाही म्हणून सगळा तिरंगा खाकी कागदावर, पुस्तकांना कव्हर घालतो त्या. हा कागद गुरुजींना किती वर्षांनी सुचला हे मी विचारलं, तर म्हणाले, तीन. पहिली तीन वर्षं मधला पट्टा नुसताच कोरा दिसायचा आणि तिसरीचे पालक विचारायचे, आमच्या पोरांचे हात कुठे गेले?

चौथीचे पंजे वर, तिसरीचे मध्ये, पहिली-दुसरीचे खाली हिरव्यात. यावरून दरवर्षी रडारड. लहानांना वाटतं आपल्याला खाली बसवलं. तिसरीवाल्यांना वाटतं पांढरा हा रंगच नाही, आपल्याला नुसतंच ओलं केलं. पट तीनने भागला गेला नाही तर गुरुजींना झोप लागत नाही. एका वर्षी अठ्ठावीस पोरं होती. तेव्हा त्यांनी एका पोराच्या हाताला कोपरापर्यंत गेरू लावला आणि त्याची काठी केली. ते पोर वर्षभर ‘मी काठी, मी काठी’ करत फिरत होतं आणि बाकीची सत्तावीस त्याच्यावर जळत होती.

पण मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट दुसरीच होती. हा सव्वीस जानेवारीचा तिरंगा गुरुजी दिवाळीच्या आधी करायला घेतात. पहिल्या वर्षी मी त्यांना अतिशय नम्रपणे सुचवलं की अजून तीन महिने आहेत.

“सव्वीस जानेवारीले पोरं कोठे ऱ्हातीन?” त्यांनी विचारलं.

तेव्हा मला समजलं. दिवाळी झाली की मुकादमाची ट्रक येते आणि निम्मा पाडा गुजरातेत ऊसतोडीला जातो. पोरं मागे ठेवायची म्हणून आम्ही घरोघर फिरतो, काही राहतात, काही जातात. झेंडावंदनाला कधी चौदा असतात, कधी अकरा. पण भिंतीवर पंजे सगळे असतात. गुरुजी हजेरीसारखे एकेका पंजाचे नाव घेतात आणि हजर पोरं त्यांच्या वतीने ‘हजर’ म्हणतात. तिरंग्यात ज्याचा पंजा आहे ते पोर शाळेतलं, मग ते कुठेही असो, असा त्यांचा साधा कायदा.

गेल्या वर्षी पट बरोबर सत्तावीस होता. नऊ, नऊ, नऊ. गुरुजी इतके खूश की दोन दिवस कोणावर ओरडले नाहीत. शिवाय हा त्यांचा शेवटचा तिरंगा होता, मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. वालाची पानं वाटून झाली, चुना कालवून झाला, आणि नेमकी त्या वर्षी ट्रक दिवाळीच्या आठ दिवस आधीच आली. त्या पहिल्या ट्रकमध्ये आमची फक्त रमिला गेली, तिसरीतली. धाकटा भाऊ रांगता होता, त्याला सांभाळायला तिला न्यावं लागलं. बाकी सव्वीस पंजे उमटले. पांढऱ्या पट्ट्यात एक जागा रिकामी राहिली, चक्राच्या अगदी शेजारी.

रमिलाबद्दल एक सांगितलं पाहिजे. पांढऱ्यावर रुसण्याऐवजी तो स्वतः मागून घेतलेली ती एकटीच. का, असं मी विचारलं होतं. “कोणी घेत नाही ना मॅडम,” ती म्हणाली होती.

मी गुरुजींना म्हटलं, “चक्र थोडं मोठं करू या. जागा झाकली जाईल.”

“चक्र काय थिगळ शे का?”

मग मी चक्र होतं तेवढंच ठेवलं. पण संक्रांत आली. काही घरं चार दिवसांसाठी येऊन गेली, रमिलाचं आलं नाही. मुकादमाचा फोन लागेना. गुरुजी मधल्या सुट्टीत त्या कागदासमोर उभे राहायला लागले. जेवायचे नाहीत. मला ते बघवेना. शेवटचं वर्ष, तेवढ्यासाठी माणूस इतका खचतो? एक दिवस ते केंद्रावर बैठकीला गेले असताना मी सुनंदाला बोलावलं. सुनंदा रमिलाच्याच वयाची, हातही तेवढाच. तिचा उजवा पंजा आधीच पट्ट्यात होता, म्हणून मी डावा चुन्यात बुडवला आणि रिकाम्या जागेवर उमटवला. सुंदर दिसला. मला वाटलं, गुरुजी आल्यावर आनंदाने वेडे होतील.

गुरुजी आले. दारातूनच त्यांनी पाहिलं.

“सुनंदाना डावा हात आठे काय करी ऱ्हायना?”

मी चांगली पाच मिनिटं काहीतरी बोलले. शेवटचं वर्ष, शोभा, पाहुणे, सरपंच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फडकं ओलं केलं आणि हलक्या हाताने तो पंजा पुसून काढला. कागदावर एक धुरकट डाग राहिला.

“तिनी जागा शे ती,” ते म्हणाले. “तठे दुसरं कोनी बसाडं ते ती उनी का कोठे बसी?”

मी चूक केली की चांगुलपणा केला, हेही त्या दिवशी मला ठरवता आलं नाही. सुनंदा मात्र दिवसभर विचारत होती, “मॅडम, माझा हात घाण होता का?”

रविवारी सकाळी गुरुजी मोटरसायकल घेऊन माझ्या दारात. पाठीमागे तिरंग्याची गुंडाळी पाणी नेतात त्या जाड पाइपात घातलेली, हॅन्डलला चुन्याचा डबा लटकवलेला. “चाल माय. सोनगडना पुढे शेतस म्हणे, पाटना कडले.” एका पालकाकडून रमिलाच्या झोपडीचा पत्ता मिळाला होता. पत्ता म्हणजे काय, तर पाट, वडाचं झाड आणि काळ्या प्लास्टिकच्या झोपड्या. सोनगडच्या पुढे पाट, वड आणि काळ्या झोपड्या यांना काही तोटा नाही. आम्ही तीन वेळा चुकलो. चौथ्या ठिकाणी रमिलाची आई चुलीपुढे बसलेली दिसली. जेवणाची वेळ होती, तोडीवरून परतलेली दहा-बारा बायका-माणसं होती. बाप उसाच्या गाडीबरोबर गेला होता. रमिला पाटावर पाण्याला.

गुरुजींनी जमिनीवर खाकी कागद पसरला, चुन्याचा डबा उघडला आणि कोकणीत सांगितलं की रमिलाचा हात पाहिजे. मी पाच वर्षांत जेवढी कोकणी शिकले, तेवढ्यावरून सांगते.

“कसला अंगठा?” एका म्हाताऱ्याने विचारलं.

“अंगठा नाही. पूर्ण पंजा पाहिजे.”

हे ऐकून तर लोक मागेच सरकले. अंगठा लावून काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. मग सगळा पंजा लावून काय होईल! कोणी म्हणालं रेशन कार्डाचं आहे, कोणी म्हणालं मतदानाचं. एका बाईने आपल्या दोन्ही पोरांचे हात पदराखाली ओढले आणि मला विचारलं, “बेन, सुई पण आहे का?” मी शुद्ध मराठीत खुलासा करायला लागले, त्याने तर त्यांची खात्रीच पटली.

“आम्ही नाही देणार,” रमिलाची आई म्हणाली. “तिच्या बापाला विचारा.”

“मी भटू मास्तर. ओळखता ना मला?”

“ओळखते. पण कागदाला नाही ओळखत.”

गुरुजी बघतच राहिले. एकवीस वर्षं ज्या माणसाने येईल त्याचे हात उघडायला लावले, त्याच्यापुढे सगळ्यांनी मुठी मिटल्या होत्या. ते कधी कागदाकडे बघत, कधी माझ्याकडे.

तेवढ्यात रमिला आली. डोक्यावर हंडा, कडेवर भाऊ. दोन्ही ओझी उतरवली आणि सरळ कागदाजवळ येऊन बसली. पंजांखालची नावं वाचू लागली. सुनंदा. विलास. गणेश. बोट त्या धुरकट डागावर येऊन थांबलं.

“ही माझी.”

“तुझीच आहे,” गुरुजी म्हणाले. “हात दाखव.”

तिने हात पाठीमागे नेला. गुरुजींनी पुन्हा मागितला नाही. शेवटी तिने आपणच पुढे केला. उसाच्या पातीने कापलेल्या बारीक बारीक रेघा होत्या, जुन्या, नव्या, एकीवर एक. गुरुजींनी चुन्याच्या डब्याकडे पाहिलं आणि झाकण लावून टाकलं. त्या हाताला चुना लावणं म्हणजे जाळणंच. मग काय लावायचं? मी पर्स धुंडाळली. खडूचा एक तुकडा निघाला.

तोपर्यंत रमिलाची आई जवळ आली होती. तिने पदराला बोटं पुसली आणि पट्ट्यातल्या एका पांढऱ्या पंजाला हात लावून बघितला. मग दुसऱ्याला. मग तो रिकामा डाग.

“कणगीवर देतात तसं?” तिने लेकीला विचारलं.

रमिलाने मान हलवली.

“अरे मग आधी सांगायचं ना!” आणि ती जी गुरुजींवर सुरू झाली, ती आत जाताना आणि बाहेर येतानाही थांबली नाही. कागद काढतात, डबा काढतात, अंगठा-अंगठा करतात, माणसं घाबरणार नाहीत का? नवं धान्य घरात आलं की कणगीला घरातल्या सगळ्यांचे पंजे देतात, तांदळाच्या पिठाचे, हे लहान पोराला पण माहीत आहे. मास्तरांना माहीत नाही? मास्तर एवढे शिकलेले!

मास्तरांना खरंच माहीत नव्हतं. एकवीस वर्षं घराघरात गेलेला माणूस, पण ओट्यापर्यंत. कणगी घरात असते.

तिने भाकरीचं पीठ थाळीत घेतलं, पाणी शिंपडलं, अंगठ्याने घोळलं. लेकीचा हात थाळीत ठेवला, उचलला, डागावर दाबला, आणि वरून आपल्या पंजाने एक थाप दिली. आमच्या चुन्याच्या पंजांपेक्षा तो जाड आणि ठसठशीत उमटला. बघायला जमलेले सगळे हसायला लागले. पदराखालचे हातही बाहेर आले.

“सोडून ठेवली होती ते बरं केलं,” आई म्हणाली. मग तिने कागदावरचे पंजे वरपासून खालपर्यंत पाहिले. “तुमचा कुठे?”

“माझा नसतो,” गुरुजी म्हणाले. “पोरांचे असतात. मी मास्तर.”

“घरात राहतो त्याचा असतो. किती वर्षं राहिलात?”

“एकवीस.”

“मग?”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. जणू उत्तर मला येत असेल. कागदावर जागा नव्हती, सत्तावीस पुरे झाले होते. बाईने ते कागदाचं प्रकरण मनावर घेतलंच नाही. तिने मास्तरांचं मनगट धरलं, पंजा थाळीत दाबला आणि त्यांना झोपडीच्या तोंडाशी नेलं. तिथे त्यांच्या तांदळाचा पत्र्याचा डबा होता. त्यावर वाळलेले चार पंजे होते, दोन मोठे, एक मधला, एक अगदी एवढासा. त्यांच्या शेजारी तिने गुरुजींचा हात लावला आणि मास्तर म्हणून काही सूट न देता वरून थाप दिली.

गुरुजी हात काढेनात. पाठमोरे वाकून उभे. मला वाटलं कंबर धरली.

“उचला आता गुरुजी,” रमिला म्हणाली, “नाहीतर पसरेल.”

सव्वीस जानेवारीला तिरंगा लागला. पिठाच्या पंजावर मुंग्या आल्या, आणि सरपंचांचं भाषण होईपर्यंत गुरुजी बाजूला उभे राहून एकेक मुंगी फुंकून उडवत होते. ‘रमिला’ म्हटल्यावर सुनंदाने सगळ्यात मोठ्याने ‘हजर’ म्हटलं. पण मला जास्त आठवतो तो परतीचा रस्ता. पंजा ओला, त्यामुळे कागद गुंडाळता येईना. मी मागच्या सीटवर तिरंगा दोन्ही हातांनी ताणून धरला होता. ट्रकवाले हॉर्न वाजवून जात होते. काही जण सलाम करत होते, आणि मला सलाम परत करायला हात मोकळा नव्हता. उजव्या हाताची बोटं गुरुजींनी हॅन्डलवर नुसती टेकवली होती, तळवा उघडा ठेवून. अशाने गाडी कशी चालली, देव जाणे.

विसरवाडीच्या फाट्यावर चहाला थांबलो. मी पाण्याची बाटली उघडली. “गुरुजी, हात धुवा ना.”

“ऱ्हाऊ दे.”

त्यांनी ग्लास डाव्या हाताने घेतला. सवय नसल्यामुळे अर्धा चहा शर्टावर सांडला. उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवलेला, पिठाला भेगा पडायला लागलेल्या. टपरीवाला ओळखीचाच. तो म्हणाला, “काय गुरुजी, हातले काय व्हयनं?”

“काई नही रे भो,” गुरुजी म्हणाले. “वाळी ऱ्हायना.”